सांभाळलेलं ढोपर

सिप्रियन काकांनी उभ्या आयुष्यात एकही कप फोडला नाही. देवबागात ही गोष्ट ज्याला त्याला पाठ होती, कारण काका स्वतःच ती सांगायचे. अठ्ठावीस वर्षं ते बोटीवर पँट्रीत होते. कपबश्या, ताटं, काचेचे पेले, सगळं त्यांच्या ताब्यात. बोट डोलायला लागली की टेबलावरचा कपडा ओला करायचा, म्हणजे ताट घसरत नाही. कपांच्या मध्ये फडकी कोंबायची. आणि चालताना एक हात भांड्याला, एक हात बोटीला. एकदा वादळात अख्खा डिनरसेट फळीवरून घरंगळायला लागला, तेव्हा काका त्याच्यावर आडवे झाले होते म्हणे. बरगडी मोडली, पण बशी मोडली नाही. ही कथा दर नाताळाला व्हायची आणि पिएदाद काकी दर नाताळाला म्हणायची, "बरगडी फुकटची, बशी कंपनीची."

मी त्यांची शेजारीण. नोकरीला ओरोसला, सकाळच्या एसटीने जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. देवबाग म्हणजे वाळूची एक लांब पट्टी, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला दर्या. आमची घरं खाडीच्या अंगाला. परसातून एक पायवाट निघते, दोन कुंपणांमधून जाते, मग सुरूचं बन लागतं आणि बन संपलं की समोर समुद्र. एवढीशी वाट. पण काकांची आणि काकीची सगळी गोष्ट या वाटेचीच आहे, म्हणून ती आधी सांगून ठेवते.

काका बोटीवर असताना काकीने घर एकटीने ओढलं. पायमशीनवर शिवण करायची. चर्चमधल्या पोरींचे पांढरे झगे तिच्याकडचे आणि आमच्या आयांचे ब्लाउजही तिच्याकडचेच. दिवसभर मशीन चालवून संध्याकाळी क्रुसाजवळ मेणबत्ती लावली की ती त्या वाटेने दर्यावर जायची. उपड्या घातलेल्या होडीवर बसायची. दूर एखादी बोट दिसली की म्हणायची, "तेतूर सिपू आसतलो." लहानपणी मी तिच्याबरोबर जायची. मला खरंच वाटायचं, त्या बोटीत काका आहेत. ती बोट कोळशाची का असेना आणि काका तेव्हा जपानात का असेनात.

दर खेपेला काका रजेवर यायचे ते मे महिन्यात किंवा नाताळात, पाहुण्यांच्या गर्दीत. आल्याआल्या लग्नं, बारशी, कौलं परतणं, माडांचे वाद. रजा संपायची आणि दर्यावर दोघांनी मिळून बसायचं राहून जायचं. काकी कुरकुरायची नाही. म्हणायची, "घराक येतलो तेवा रोज जातलंव. खंय पळता दर्या?"

१९९८च्या मे महिन्यात काका कायमचे घरी आले. शेवटच्या ट्रंकेत शर्टांमध्ये गुंडाळून एक जपानी टी-सेट आणला होता. पांढराशुभ्र, कडेला निळी रेघ, इतका पातळ की उजेडाला धरला तर पलीकडची बोटं दिसावीत. तो शोकेसमध्ये बसला आणि शोकेसला कुलूप बसलं. चहा स्टीलच्या पेल्यातच. मी एकदा म्हटलं, "काका, कधीतरी त्यात चाय देवा." तर म्हणाले, "बिशप इलो तर काडूया." बिशप काही देवबागात चहाला आले नाहीत.

सामान लावता लावता पाऊस लागला, आणि दर्यावर जाण्याआधीच विहिरीजवळच्या शेवाळावर काकीचा पाय सरकला. मशीनने आधीच झिजवलेलं उजवं ढोपर सुजलं ते पुन्हा पूर्वपदावर आलंच नाही. दिवाळी आली. पायवाटेवर चार पावलं वाळूत टाकली की काकी ओठ चावून उभी राहायची. मालवणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मसुऱ्याच्या एका वैद्याने लेप दिला, कुणीतरी पट्टा दिला. एकेक उपाय होत होत वर्षं गेली. काका घरी आणि काकीही घरी, आणि दर्या मात्र पळभराच्या अंतरावर. रात्री गाज ऐकू यायची. काकी म्हणायची, "आवाज येता, पण दिसना नाय."

शेवटी २००५ साली त्यांचा मुलगा कॉनरॅड पुण्याहून आला आणि आईबापांना गोव्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. सांधा बदलायचा ठरलं. डॉक्टर तपासताना काकीच्या गळ्याकडे पाहत राहिले. सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं, पदक ती दोऱ्यात घालायची, पण तरी पदक टेकायचं तिथे कातडी लाल, खरखरीत. घड्याळ बांधलं की मनगटाला तसंच. शिवताना बोटात टोपण घातलं की बोटालाही. काकीला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हे निकेलमुळे. नेहमीच्या सांध्यात हाच धातू थोडाफार असतो. आत त्रास होईलच असं नाही. पण धोका कशाला घ्या? मांडीच्या हाडावर बसणारी टोपी आपण सिरॅमिकची घेऊ."

काकीने विचारलं, म्हणजे काय. डॉक्टर भला माणूस. टेबलावरचा चहाचा कप उचलून त्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "हा कप किती गुळगुळीत आहे पाहा. तसंच, पण याच्या कितीतरी पट मजबूत. खाली प्लास्टिकची गादी असते, त्यावर हे धातूपेक्षा कमी घासतं. म्हणून जास्त वर्षं टिकतं."

काकीने ऐकलं गुळगुळीत. कॉनरॅडने ऐकलं मजबूत. आणि अठ्ठावीस वर्षं पँट्रीत काढलेल्या काकांना दिसला तो कप. त्यांनी लगेच विचारलं, "फुटता काय, डॉक्टर?"

डॉक्टर हसून म्हणाले, "सहसा नाही."

त्या 'सहसा'ने घात केला. डॉक्टर प्रामाणिक होते म्हणून तसं बोलले. एखादा थापाड्या असता, छातीवर हात ठेवून 'कधीच नाही' म्हणाला असता, तर माझी काकी दर्यावर गेली असती.

ऑपरेशन छान झालं. काकी घरी आली ती वॉकर धरून, आठवड्यांनी काठीवर आली, आणि पाऊस संपेपर्यंत काठी नुसती दाराला टेकवलेली राहू लागली. दुखणं गेलं होतं. मला म्हणाली, "गो अक्षदा, माका काय मुंबय फिराची नाय. सुरूच्या पलीकडे जावचा आसा, बस." डॉक्टरांनी सांगितलंच होतं, रोज चाला, हळूहळू वाढवा, फक्त उकिडवं बसू नका, उड्या मारू नका. त्या वयात काकी कशाला उड्या मारते?

डिसेंबरातल्या एका रविवारी दोघं निघाली. मी परसात कपडे वाळत घालत होते, म्हणून मला सगळं दिसलं. काकीने नवा झगा घातला होता, केसांना तेल लावलं होतं. काकांच्या हातात बसायला चटई. पहिलं कुंपण ओलांडून पायवाटेच्या मऊ वाळूत काकीने पाऊल टाकलं आणि ढोपरात आवाज झाला. टक्.

काका जागच्या जागी थिजले.

पँट्रीतल्या माणसाचा कान तो. कप धुऊन ठेवताना काका त्याच्यावर नखाने टिचकी मारायचे. धड कप कसा बोलतो, केसाएवढी चीर गेलेला कसा बोलतो, त्यांना डोळे मिटून कळायचं. चिरलेला कप कप्तानाच्या हातात जाता कामा नये, हाच त्यांचा धर्म. काका तिथेच वाळूत खाली बसले, काकीच्या ढोपराला कान लावला आणि म्हणाले, "परत हलय बघया." तिने हलवलं. पुन्हा टक्.

"चीर गेली," काका म्हणाले.

"माका कायेक दुखना नाय मरे, सिपू."

"चिरलेलो कप दुखता काय? गरम चाय ओतल्याशिवाय कळना नाय. चल घराक."

आणि काकी वळली. मी कपडे टाकून कुंपणाशी गेले, म्हटलं, "काका, डॉक्टराक फोन तरी करा." तर काकांचा चेहरा पडलेला. डॉक्टर म्हणणार, परत फाडूया. तिला पुन्हा त्या टेबलावर झोपवायची? त्यापेक्षा सांभाळून वापरू. कॉनरॅडने फोनवर विचारलं, "दुखता काय?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग बरा आसा." त्यालाही कामं होती.

त्या दिवसापासून काकांनी काकीचा ताबा घेतला. बिछान्यापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून न्हाणीपर्यंत काथ्याची पायपुसणी अंथरली. भिंतीला बोटीवरच्यासारखा दोर बांधला, धरायला. उंबरठा तासून काढला. वाळू तर अगदी वर्ज्य. बोटीवर कुणी नवख्याने वाळूने कप घासले होते तेव्हा झिलई गेली होती, ही गोष्ट आम्हाला नव्याने कळली. मी म्हटलं, "काका, मधी कातडी आसा. वाळू खंयसून आत जातली?" म्हणाले, "तुका काय ठावक? तू हापिसातली." मे महिन्यात क्रुसाजवळ लदिन, म्हणजे गाऊन करायची प्रार्थना, व्हायचं, तेव्हा सगळा गाव वाळूत गुडघे टेकून गायचा आणि काकी, जिचा आवाज सगळ्यात वरचा, ती घरातल्या खुर्चीवर बसून गायची. खिडकी उघडी ठेवून.

मला काकांचा राग यायचा. सरळ सांगते, फार राग यायचा. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. पण ते पहाटे उठून तिचा चहा करायचे, पाणी तापवायचे, तिच्या पायात चपला घालायचे. एकदा मी काकीलाच धरलं. म्हटलं, "तू कित्याक ऐकतंस त्यांचा? उठ आणि चल माझ्यावांगडा."

काकी मशीनच्या बंद पेटीवर हात फिरवत बसली होती. म्हणाली, "अठ्ठावीस वर्सां माझी काळजी करूक कोण नाय होता गो. ताप इलो तरी मीच उठी, मीच पेज करी. आता तो करता तर करूंदे. दर्या काय, उद्या जातलंव."

 मी समोरचा चहा प्यायले. स्टीलच्याच पेल्यात.

आणि दर्या तर खरंच जवळ येत होता. देवबागला दर पावसाळ्यात समुद्र किनारा खातो. एका वर्षी होड्या मागे ओढाव्या लागल्या, दुसऱ्या वर्षी सुरूची पहिली रांग आडवी झाली. किनाऱ्यावर राहायला पर्यटक येऊ लागले, त्यांच्यासाठी खोल्या बांधल्या गेल्या, पाण्यात खेळायच्या रंगीत बोटी आल्या. नागपूरची माणसं चपला हातात घेऊन काकीच्या परसातून दर्यावर जायची आणि तिला विचारायची, "आजी, वाट हीच ना?" काकी खुर्चीतून हात करून वाट दाखवायची.

२००९च्या जानेवारीत काकीचा डावा पाय दुखायला लागला. सगळा भार तीन वर्षं त्याच्यावरच. कॉनरॅडला रजा नव्हती, म्हणून मी रजा टाकली आणि गाडी करून दोघांना गोव्याला घेऊन गेले. वाटेत काकांनी काकीचं उजवं ढोपर उशीवर ठेवलं होतं. खड्डा आला की दोन्ही हातांनी धरायचे.

डॉक्टर तेच. एक्स-रे काढला, उजेडावर लावला आणि बराच वेळ पाहत राहिले. काका खुर्चीच्या टोकावर. "वा," डॉक्टर म्हणाले. "काल बसवल्यासारखा दिसतोय. झीज अजिबात नाही."

काकांचा चेहरा असा फुलला की मी तसा कधी पाहिला नव्हता. डिनरसेट वाचवला तेव्हाही इतका फुलला नसेल. म्हणाले, "आणि ती चीर, डॉक्टर?"

"कसली चीर?"

काकांनी आवाजाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, तो आवाज सगळ्यांचाच येतो. टोपी गादीवर टेकते तेव्हा वाजतं. काही नाही त्यात." मग काकीकडे वळले. "रोज किती चालता?"

काकीने काकांकडे पाहिलं. काकाच म्हणाले, ऑफिसातल्यासारखी शुद्ध मराठी धरून, "चालत नाही ती, डॉक्टर. आम्ही सांभाळून ठेवला आहे."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. उठून काकीची मांडी दाबून पाहिली, पाय उचलायला सांगितला. काकीने उचलला, तो थरथरला आणि खाली पडला. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "काका, सांध्याला काही झालेलं नाही. पण मांडीत जोरच उरला नाही. हा सांधा चालण्यासाठी होता हो."

परत येताना गाडीत काकांनी उशी मांडीवर घेतली होती, ढोपराखाली ठेवली नाही. बांदा ओलांडल्यावर काकीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "जावया आता. घाय खंय आसा?"

घाई होती. काकांना ती आता कळली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायपुसणी उचलली, दोर सोडला आणि काकीला घेऊन परसात उतरले. पहिल्या दिवशी तुळशीच्या... म्हणजे आमच्या तुळशीपर्यंत. मग कुंपणापर्यंत. काकी दमून खुर्ची मागायची, काका खुर्ची घेऊन मागेमागे. मी म्हटलं, माझ्या भावाला, बाळाला, सांगून उचलून नेऊया, तो काय, एका हातात नेईल. काकी म्हणाली, "नाय. माका चलान जावचा आसा." एवढी वर्षं मुकाट ऐकणारी बाई या एका गोष्टीत मात्र हटून बसली.

पाऊस आला, चालणं थांबलं. पाऊस गेला, पुन्हा सुरुवातीपासून. त्या वर्षात ती दुसऱ्या कुंपणापर्यंत पोचली. तिथून सुरू दिसतात, दर्या दिसत नाही. एका संध्याकाळी काका तिथे कुंपणाला धरून उभे होते, काकी खुर्चीत धापा टाकत होती, आणि ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, मला कळलं नाही. "बोटीर सगळा पुढल्या फेरीसाठी राखूचा लागता. मी तसाच शिकलंय. हयसर पुढली फेरी खंय आसा, अक्षदा? माका कोणी सांगूकच नाय." माझा राग तेव्हा कुठे गेला कोण जाणे. मला नुसतंच वाईट वाटलं, त्यांचं आणि तिचं.

२०१०च्या पावसाळ्यात काकीला छातीचा ताप भरला. मालवणला नेली, बरी होऊन आली, पुन्हा पडली. गणपतींचं विसर्जन झालं त्याच आठवड्यात ती गेली. झोपेत, पहाटे. काका नेहमीसारखे चहा घेऊन गेले होते.

कॉनरॅड आला, माणसं जमली. शवपेटी चर्चमध्ये न्यायची म्हणून रस्त्यावर गाडी उभी होती. फादर दारात आले, तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. "फादर, आदी दर्यार न्हेवया. मग चर्चीक."

फादर तरुण, नवे. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, कॉनरॅडकडे पाहिलं. कॉनरॅडने मान हलवली.  सगळ्या गावाला ती वाट माहीत होती.

कॉनरॅड, आमचा बाळा आणि वाडीतले दोघे, चौघांनी पेटी खांद्यावर घेतली. पहिलं कुंपण गेलं. दुसरं गेलं, जिथे तिची खुर्ची ठेवायचो ते. पुढे पावसाने भुसभुशीत झालेली वाळू. बाळाचा पाय घोट्यापर्यंत रुतला, पेटी एका अंगाला कलंडली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "जपून रे, जपून."

"आता कित्याक जपतास?" काका म्हणाले. "चला."

सुरू संपले. होडीजवळ वाळूवर त्यांनी पेटी ठेवली. काका तिच्याशेजारी वाळूतच बसले, पायातल्या काळ्या बुटांसकट. दूर एक बोट होती, की मला ती असावीशी वाटली, ठाऊक नाही. काका लाकडावर हात ठेवून म्हणाले, "पिएदाद, इलंव गो," आणि मग रडले. फादर पुस्तक मिटून बाजूला उभे राहिले.

मी डोळे पुसायला मागे वळले, तर सुरूच्या खोडांमधून काकीच्या घराची कौलं दिसत होती, आणि परसात कुणीतरी विसरलेली तिची खुर्ची. एवढंच अंतर होतं.